सीटची उंची

८ नोव्हेंबर, शुक्रवार. त्या दिवसाच्या पानावर माझ्या वहीत एवढंच आहे : ‘पिकअप बघणे, कोथरूड, अकरा वाजता. मिस्त्रींना सोबत घेणे. टॉर्च, जुनी चादर, फडकं.’

चादर गाडीखाली झोपण्यासाठी. वापरलेली गाडी घेताना वरून बघितलं की फक्त रंग दिसतो. खरी गाडी खालून दिसते. हे मला मिस्त्रींनी शिकवलं. मिस्त्री म्हणजे आमचा टेम्पो वर्षानुवर्षं चालता ठेवणारा माणूस. त्यांच्या आजोबांपासून गॅरेज पेठेत आहे. रमजानमध्ये इफ्तारीला लागणारी कोथिंबीर आणि पुदिना आमच्याकडून जातो आणि आमच्या टेम्पोचं ऑइल त्यांच्याकडे बदलतं, असा तो व्यवहार.

टेम्पो आता पुढच्या पासिंगला टिकणार नाही, असं त्यांनी दिवाळीआधीच सांगून टाकलं होतं. “वहिनी, मी अजून वर्षभर ढकलीन. पण मग घाटात तुम्ही ढकलायचं.”

घाटाचा प्रश्न खरा होता. आम्ही पालेभाज्या करतो : मेथी, पालक, चुका, अळू, कोथिंबीर. आमचं गाव कात्रजच्या पुढे. ते महापालिकेत गेलं, घराभोवती इमारती उभ्या राहिल्या आणि जमीन उरली ती ओंजळभर. म्हणून नवऱ्याने बोपदेव घाटापलीकडे दोन एकर खंडाने, म्हणजे वर्षाच्या भाड्यावर, घेतली. तिथली भाजी भरून आमचा टेम्पो घाट चढायला लागला की मागच्या दुचाक्या धुरामुळे नाक दाबून पुढे निघून जायच्या.

टेम्पो मी चालवते. मी कोथरूडची, वडील बँकेत होते आणि लग्नाआधी मी स्कूटरपलीकडे काही चालवलं नव्हतं. पण मोटारीला वीज येते पहाटे आणि तेव्हा नवऱ्याला पाणी धरायला शेतात जावं लागतं. भाजी तर सहाच्या आत मंडईत हवी. पहिलं वर्ष भाड्याचा ड्रायव्हर ठेवला. तो आठवड्यातून दोनदा झोपून राहायचा. मग मी शिकले. त्यात शौर्य वगैरे काही नाही. सकाळी लवकर उठणारी आणि गाडी चालवायला मोकळी असणारी घरात मी एकटीच होते.

माझ्या शेजारच्या सीटवर रोज आमच्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. नवऱ्याच्या घरची रीत. वय चौऱ्याहत्तर. मंडईतल्या आमच्या गाळ्यावर त्या चाळीस वर्षांहून जास्त बसत आहेत. मांडीवर पिशवी, पायाशी तराजू, तोंडाने एक शब्द नाही. मंडईपर्यंत आम्ही दोघी क्वचितच बोलतो. मला ते बरं वाटतं.

कोथरूडची गाडी चांगली होती. आधीच्या मालकाचा फरश्या पुरवण्याचा धंदा होता आणि आता तो मुलाकडे परदेशी निघाला होता. गाडी उंच, रुंद, हौदा मोठा. बॉनेटवर हात ठेवून बघितला, इंजिन थंड होतं. गिऱ्हाईक येण्याआधी गाडी तापवून ठेवणाऱ्या माणसापासून लांब राहावं. थंड इंजिन काही लपवू शकत नाही. पहिल्या सेल्फला सुरू झाली. धूर थोडा काळा, मग साफ. निळा, म्हणजे ऑइल जळाल्याचा, असता तर मी तिथूनच परत फिरले असते.

मालक सगळं नवऱ्याला सांगत होता.

“साहेब, टायर सहा महिन्यांपूर्वी टाकलेत.”

“त्यांना सांगा,” नवरा म्हणाला. “गाडी त्या चालवतात.”

मालकाने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हा चादर अंथरत होते.

“ताई, गाडी घ्यायला आलात की पोस्टमॉर्टेमला?”

“मेलेली असेल तर सांगा, वेळ वाचेल,” मी म्हणाले आणि खाली शिरले.

चॅसीला वेल्डिंग नव्हतं. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये जास्तीचा पाटा घातलेला नव्हता. म्हणजे फरश्या वाहिल्या तरी बेसुमार वाहिल्या नव्हत्या. हौद्याचा पत्रा खालून कोरडा. क्लचच्या पेडलचं रबर जितकं झिजायला हवं तितकंच झिजलेलं, म्हणजे मीटरशी छेडछाड नसावी. मिस्त्रींनी चालू इंजिनचं ऑइलचं झाकण उघडून त्यावर तळहात धरला, वास घेतला आणि मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे होकार असतो. नकाराला ते बोलतात. कागद मी बघितले. नाव, नंबर, विमा, पासिंग, बँकेचा बोजा उतरवल्याची नोंद. सगळं जागच्या जागी.

आदल्या आठवड्यात कात्रजला एक बुटकी पिकअप बघितली होती. दुधाचे क्रेट वाहणाऱ्या एका माणसाची. तिच्याबद्दल मी वहीत लिहिलं होतं : ‘हौदा लहान. पत्रा कडेने गंजलेला. इंजिन न बघताच नको.’ त्या पानावर मी एक रेघ मारून टाकली.

“भरून घाटात नेऊन बघू का?” मी मालकाला विचारलं.

“मिस्त्री सोबत आहेत म्हणून देतो,” तो म्हणाला. “तुमच्या चादरीकडे बघून नाही.”

दुपारी आम्ही गाडी घेऊन घाटापलीकडच्या शेतावर गेलो. गाडी वजनाने तपासायची तर भाजी ओली हवी. कोरडी भाजी वजनाला फसवते. म्हणून बत्तीस क्रेट भरून वर गोणपाट टाकलं आणि त्यावर पाणी मारलं, अगदी पहाटे मारतो तसं. दोन पोती अळूचे कांदे. ताडपत्री, दोर, पाण्याचा कॅन, तराजू. रोज जे जातं ते सगळं. मी यादी वाचत होते आणि नवरा चढवत होता. बोपदेव घाट गाडी अशी चढली की मिस्त्री म्हणाले, “वहिनी, आता मागच्यांना नाक दाबायला निमित्त राहिलं नाही.”

मला फार आनंद वगैरे होत नाही, पण त्या वळणावर झाला.

पाचच्या सुमारास घरी पोहोचलो. गाडी दारात लावली. आमच्याकडे नवं वाहन आलं की घरातलं सगळ्यात मोठं माणूस आधी बसतं, मग बाकीचे. टेम्पो आला तेव्हाही आत्या आधी बसल्या होत्या. नवऱ्याने दार उघडून धरलं.

“आई, बस. बघ कशी आहे.”

आत्या ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. उठल्या, गाडीपर्यंत आल्या. सीटकडे बघितलं. मग खाली, पाय ठेवायच्या जागेकडे. मग त्यांनी हौद्यावर हाताने दोनदा थापटलं.

“चांगली हाय,” म्हणाल्या. “मजबूत हाय. बसा तुमी.”

“अगं तू बस ना आधी.”

“माजे हात वले हायेत. सीट खराब व्हईल.” आणि त्या परत मेथीपाशी जाऊन बसल्या.

हात त्यांनी पदराला पुसलेले होते. मी बघितले होते.

नवरा मिस्त्रींना चहा द्यायला आत गेला. मी गाडीपाशी उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं रोज माझ्या शेजारी बसणारी ही बाई गाडीत चढते कशी, ते मला माहीतच नाही. मी पहाटे किल्ली घेऊन बाहेर येते तेव्हा आत्या आत बसलेल्याच असतात. मंडईत पोहोचलं की मी आधी उतरते, मागचं फळकं पाडते, हमालाला हाक मारते. परत पुढे येते तोवर आत्या गाळ्यावर. चढताना नाही, उतरताना नाही, मी त्यांना कधी बघितलंच नव्हतं. दुपारच्या त्या यादीत मी तराजू लिहिला होता. तो ज्यांच्या पायाशी असतो त्यांना लिहिलं नव्हतं.

मी उंच गाडीच्या डाव्या दारापाशी गेले आणि साडी जरा वर खोचून चढले. मला एक हात वरच्या दांडीला धरावा लागला आणि गुडघा छातीपर्यंत आणावा लागला. मी बावन्न वर्षांची आहे आणि माझे गुडघे अजून माझं ऐकतात.

मिस्त्री चहा घेऊन बाहेर आले होते. मी विचारलं, “पायरी लावता येईल?”

“लावू की. लोखंडी पट्टी, दोन बोल्ट.” मग त्यांनीही ओट्याकडे बघितलं आणि कप खाली ठेवला. “पण वहिनी, पायरीनं पाय वर येतो. सीट खाली येत नाही. गुडघा ज्याचा वाकत नाही, तो माणूस आधी बूड टेकवतो, मग पाय आत घेतो. माझी आई रिक्षात तशीच बसायची. ह्या सीटवर टेकायचं तर पायरीवर उलटं तोंड करून उभं राहावं लागेल. ते मी माझ्या आईला करू दिलं नसतं.”

मिस्त्री गेल्यावर मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हळूच म्हणाला, “म्हणजे बरंच झालं की.”

“काय बरं झालं?”

“आपण किती दिवस म्हणतोय, आईने आता थांबावं. आपलं ती ऐकत नाही. गाडी उंच आली की आपोआप थांबेल. कुणी वाईट होणार नाही.”

हे वाक्य त्याने बोलायच्या आधी माझ्या मनात येऊन गेलं होतं, हे मी इथे लिहून ठेवते. आत्या नसल्या तर गाळा दुपारपर्यंत चालवायचं कारण नव्हतं; माल घाऊकवाल्याला टाकून मी आठला घरी आले असते. त्या जुन्या गिऱ्हाइकांना जुडीवर जुडी देतात, अर्धा अर्धा तास बोलतात, आणि मी गाडीत ताटकळते. गेली दोन वर्षं थंडी पडली की मी म्हणते, “आत्या, आज राहा.” त्यात काळजी किती आणि सोय किती, हे मी कधी वेगळं करून बघितलं नव्हतं. भाजी निवडताना जून पान आणि कोवळं पान वेगळं करते, तेवढंही नाही.

पण गाडीच्या आडून घरी बसवायचं, हे मला पटेना. ज्याला थांबवायचं त्याला तोंडावर सांगावं. एवढी उंच गाडी आणून दारात लावायची आणि मग ‘अरेरे, चढता येत नाही का’ म्हणायचं, ही सभ्य माणसांची लबाडी आहे. त्यात वाईट कुणी होत नाही, म्हणून ती जास्त वाईट.

“तुम्ही आत जाऊन त्यांना सांगा,” मी म्हणाले. “की गाडी मजबूत आहे आणि तुम्ही उद्यापासून येऊ नका.”

“मी कसं सांगू?”

“मग गाडीला सांगायला लावू नका.”

“आणि खंडाची भाजी? ती लहान गाडीत मावणार आहे का? एका माणसासाठी दोन खेपा करायच्या?”

त्याचंही खोटं नव्हतं. मग तो गोठ्याकडे गेला आणि मी ओट्यावर आत्यांच्या समोर बसून मेथीची एक जुडी ओढून घेतली.

“आत्या, गाडीत का नाही बसलात?”

“हात वले व्हते.”

“नव्हते.”

त्यांनी एक काडी मोडली. “मग तुला ठावं हाय तर इचारतीस कशाला?”

“रोज कशा चढता?”

मेथीकडे बघतच त्या म्हणाल्या, “क्रेट उपडा घालते. त्यावर पाय. मागं टेकते. मग पाय हातानं उचलून आत घेते, आधी डावा, मग उजवा. क्रेट काठीनं लांब सारते.”

उपडा क्रेट! रोज पहाटे तो माझ्या पायात यायचा. कुणी टाकला म्हणून मी रोज बडबडायचे आणि त्या आत बसून ऐकायच्या.

“मला सांगायचं की. मी हात दिला असता.”

“म्हून तर तू यायच्या आत बसते,” आत्या म्हणाल्या. “आज हात देशील. उद्या म्हनशील, आत्या, लई तरास व्हतोय. परवा घरी बसवशील. तुला मी वळखते.”

खरं होतं ते.

“रिक्षाने आलात तर? मी भाजी घेऊन पुढे जाते, तुम्ही सावकाश मागून—”

“भाजी गाडीत आन् मी रिक्षात? मी काय लग्नाला चाललीये व्हय?”

“बरं. मग एकच सांगा. तुम्हाला मंडईत यायचं आहे की नाही?”

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा वर बघितलं. “दोन वर्सं झाली, तुमी दोघं मला ‘राहा, राहा’ म्हनताय. कुणी इचारलं न्हवतं.”

“आता विचारते आहे.”

“यायचं हाय.” त्यांनी निवडलेल्या मेथीची जुडी बांधली, आवळली, बाजूला ठेवली. “ज्या दिवशी न्हाई जमणार त्या दिवशी मीच सांगीन. तवर गाडी काय ती तू बघ. मला इंजिन कळत न्हाई.”

संध्याकाळी मी कोथरूडच्या मालकाला फोन केला. गाडी उत्तम आहे, पण आम्हाला नको, असं सांगितलं. त्याने कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, उंच आहे.

“ताई, खाली झोपून बघितलीत तेव्हा उंच वाटली नाही का?”

“खाली झोपून सगळंच उंच दिसतं,” मी म्हणाले. त्याची गाडी मिस्त्री उद्या दहा वाजता नेऊन देतील, डिझेल भरून, हेही सांगितलं. जेवताना नवऱ्याला म्हटलं की कात्रजच्या बुटक्या गाडीचा हौदा लहान पडेल तेव्हा खंडाच्या भाजीसाठी आठवड्यातून दोन दिवस मी दुसरी खेप करीन. तो म्हणाला, एक मी करीन. एवढंच बोलणं झालं. भाकरी त्याने एक कमी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी रोजच्यापेक्षा वीस मिनिटं आधी उठले. शिवणाची टेप कमरेला खोचली आणि अंगणात आले. आत्या क्रेट हातात घेऊन टेम्पोपाशी उभ्या होत्या. मला बघून थांबल्या.

“चढा,” मी म्हणाले. “मी हात देणार नाही.”

“मग बगत तरी उभी राहू नगं.”

मी पाठ फिरवली. मागे क्रेट जमिनीला टेकल्याचा आवाज आला, मग सीटची स्प्रिंग, मग बराच वेळ काही नाही, मग दार. मी वळले तेव्हा त्या मांडीवर पिशवी घेऊन समोर बघत बसल्या होत्या. मी जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत टेप लावली. पंचवीस इंच. क्रेट मोजला, अकरा.

मग भाजी भरली, तो क्रेटही मागे ठेवला आणि निघालो. कात्रजला वाटेतच थांबले. दुधाचं काम करणारा माणूस त्या वेळी जागाच असतो. तो नव्या गाडीत क्रेट चढवत होता आणि जुनी, बुटकी पिकअप भिंतीकडे गार उभी होती. मी सांगितलं की परत बघायला आलोय. त्याने किल्ली काढली.

“आधी दार उघडा,” मी म्हणाले. “इंजिन नंतर.”

मी टेप लावली. साडेपंचवीस. मग टेम्पोतून आत्यांचा क्रेट आणून तिथे उपडा ठेवला. आत्या उतरून आल्या. गंजलेल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाला तांबूस लागलं, ते त्यांनी त्या माणसाला दाखवलं. तो ओशाळून हसला आणि आधाराला पुढे आला.

“थांबा,” मी त्याला म्हणाले.

आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे राहिलो. त्याला काही कळलं नाही, पण तो उभा राहिला. दार लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी टेप गुंडाळली आणि त्याला इंजिन सुरू करायला सांगितलं.